बाकाचं दुसरं टोक

जुन्नरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. आक्का त्याच्या एका टोकाला बसायच्या आणि दुसऱ्या टोकाला काळी छत्री आडवी ठेवायच्या. मधे कुणीही बसावं. लेकुरवाळी बाई आली तर आक्का स्वतः अंग चोरून जागा करायच्या. पण छत्रीला कुणी हात लावला की त्यांचा आवाज चढायचा.

"तितं माणूस हाय," म्हणायच्या.

ते माणूस कधी कुणाला दिसलं नाही. उन्हाळा असो की हिवाळा, छत्री मात्र रोज असायची. कोर्टाचा पट्टेवाला जाता येता त्यांना डिवचायचा. "आक्का, तुमचं माणूस आज बी गैरहजर. छत्रीच्या नावानं समन्स काढू का?" आक्का त्याला म्हणायच्या, "तू आदी घसा साफ कर. मगाशी पुकारा केलास तो तुझा तुला तरी ऐकू आला का?"

आक्कांचं स्वतःचं कोर्टात काही काम नव्हतं. केस होती, ती संपली, एवढंच त्या सांगायच्या. तरी कोर्टाचं कुलूप निघायच्या आधी त्या पायरीवर हजर. राहायच्या जुन्नरातच, एका बांगडीवाल्या चाचीच्या दुकानामागच्या खोलीत, एकट्या. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की त्या आजारी पडायच्या. चाची हसून सांगायची, "छुट्टी लगी के बुढिया को बुखार."

रोज येऊन त्या करायच्या काय, तर आलेल्या माणसाला वाट दाखवायच्या. खेड्यातून माणूस येतं, हातात कागद असतो, आणि समोर सगळी दारं सारखीच दिसतात. सातबाऱ्याचं काम असलेला कोर्टात शिरतो आणि कोर्टाची नोटीस आलेला तहसीलदाराच्या दारात बसून राहतो. आक्का कागद बघायच्या नाहीत, त्यांना वाचता येत नव्हतं. त्या माणसाकडे बघायच्या. पिशवी छातीशी धरून आलेला म्हणजे नोटीसवाला. चार जण घोळक्यानं आले आणि त्यातला एकच गप्प असला, तर तो गप्प असलेला आरोपी आणि बाकीचे जामीन. कधी चुकायच्याही. एकदा लग्नाची नोंद करायला आलेल्या नव्या जोडप्याला त्यांनी फौजदारीकडे पाठवलं. ते दोघं दुपारपर्यंत आरोपींच्या रांगेत बसले. नंतर तो पोरगा हसत म्हणाला, "आक्का, तुमी लग्नाचा अर्थ बरोबर सांगितला राव." त्यावर व्हरांड्यातले सगळे हसले. आक्काही हसल्या, पण दिवसभर त्यांना ती चूक लागून राहिली होती.

माझी त्यांची गाठ पडली ती मी खांबाला टेकून उभी होते म्हणून. मुलगी दोन वर्षांची असताना माझ्या नवऱ्याने मला लोणीहून निमगाव साव्याला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला आला नाही. गावातल्या एका बाईनं सांगितलं, कोर्टात पोटगी मागता येते. मी जुन्नरला आले, पण कुणाला काही विचारायचा मला धीर होईना. माझं शिक्षण चौथी. आधीपासून मी बुजरीच, घरी पाहुणे आले तरी मी चुलीपाशी राहणारी. खांबाला टेकून दिवसभर उभी राहिले आणि शेवटच्या गाडीनं परत गेले. पुढच्या खेपेलाही तेच.

तिसऱ्या खेपेला आक्का जवळ आल्या. "पोरी, खांब झिजंल," म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं नाही. "कोर्टात रडायचं न्हाई. रडायला घरी जागा हाय. नवरा कुटला?"

मी म्हणाले, लोणीचा. आणि भीत भीत हेही सांगितलं, की पायरीवर एक माणूस भेटला, तो म्हणाला नवरा आंबेगाव तालुक्यातला म्हणजे तुला घोडेगावच्या कोर्टात जायला पाहिजे, इथं तुझं काही काम नाही. घोडेगाव म्हणजे दोन ठिकाणी गाडी बदलायची, कडेवर मूल. मी तर घरी परतायच्याच बेतात होते.

आक्कांनी विचारलं, "नवरा कुटं का असंना. तू भाकर कुटं खातीस?"

"निमगावात. माहेरी."

"मग हेच कोर्ट तुझं."

त्यांनी माझा दंड धरला आणि एका खोलीच्या दारात नेऊन उभं केलं. आत जाऊन काय म्हणायचं ते बाहेरच पाठ करून घेतलं. बाईमाणसाला सरकार वकील फुकट देतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मान खाली घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "लाजू नगं. भीक न्हाई ती. रस्त्यावरच्या दिव्यासारखं हाय. ज्याला अंधार, त्यानं खाली उबं ऱ्हायचं." अर्ज झाला. वकिलीणबाई मिळाल्या, त्याही चांगल्या होत्या. तारखा पडू लागल्या.

पण पहिल्याच तारखेला माझी केस बुडता बुडता वाचली. पट्टेवाल्याने नाव पुकारलं आणि माझ्या तोंडातून आवाजच निघेना. तीनदा पुकारा होतो, मग गैरहजर लिहितात. तिसऱ्या वेळी आक्काच ओरडल्या, "हाय, हाय, हितंच हाय." पट्टेवाला म्हणाला, आक्का, आता पुढच्या वेळी साक्षपण तुम्हीच द्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर आक्का मला मागच्या लिंबापाशी घेऊन गेल्या. मला झाडाखाली उभं केलं आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. तिथून माझं नाव पुकारायच्या, आणि मी "हजर" म्हणायचं. ऐकू आलं नाही की पुन्हा. मधून एसट्या, ट्रॅक्टर, शाळेतून सुटलेली पोरं जात होती. माझा आवाज माझ्या पदरापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. आक्का कानाला हात लावून उभ्याच. शेवटी मला राग आला आणि मी अशी ओरडले की एका एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, बसायचंय का. आक्का पलीकडून म्हणाल्या, "न्हाई बाबा, ती हजर झाली. जा तू."

पुढच्या तारखेपासून मी हजर म्हणू लागले.

दुपारी त्या फडकं सोडायच्या. त्यात कायम दोन भाकरी आणि ठेचा किंवा वाळलेली भाजी. एक त्या खायच्या. दुसरी तशीच राहायची. कोर्ट उठायच्या वेळेला ती कुणाला तरी द्यायच्या, उपाशी आलेल्या माणसाला, नाहीतर कुत्र्याला. एक दिवस मी म्हणाले, आक्का, एकच करत जा ना. त्या म्हणाल्या, हाताला सवय हाय. आणि विषय बदलला.

माझी केस चालू असतानाच आमचे वडील वारले. वर्षश्राद्ध झालं आणि दादाने हक्कसोडाचं काढलं. आमच्याकडे बहुतेक बहिणी सही देतात. भावाच्या नावावर रान करून देतात, आणि त्या बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं, दिवाळीला साडी येते. कुणी त्याला देणं घेणं म्हणत नाही. नाही म्हणणारी बहीण मी तोवर पाहिली नव्हती. दादा माणूस वाईट नाही. मला आणि मुलीला त्यानं ठेवून घेतलं होतं, घासावरून कधी बोलला नाही. तो म्हणाला, "सही कर आनि जन्मभर ऱ्हा. मी काय तुला हाकलतोय का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नवऱ्याची पोटगी आज मिळेल, उद्या बंद होईल. दादाचा राग आला तर आज ज्या घरात आहे ते घरही जाईल. आणि सही करून दिली, तर मुलीला घेऊन मी कशाच्या आधारावर राहायचं? दादाच्या मर्जीवर. उद्या त्याची मुलं मोठी झाली की त्यांच्या मर्जीवर. रात्रंदिवस हेच डोक्यात.

आक्का सगळ्यांना वाट दाखवतात, मलाही दाखवतील, असं मनात धरून तारखेच्या दिवशी मी त्यांना विचारलं. सही करू का नको?

त्या फडक्याची गाठ सोडत राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "हे इचारायचं दार ह्या कोर्टात न्हाई."

मग छत्रीकडे बघत त्या आपणहून बोलू लागल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याच दिवशी ऐकलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी राहू दिलं नाही, म्हणून माहेरी आल्या. माहेरी एकटा भाऊ, बायको वारलेली. तो म्हणाला, आधी सही कर, मग राहा. या म्हणाल्या, आधी माझं नाव लाव, मग राहते. दोघंही हट्टी. यांनी वाटपाचा दावा लावला. भावानं सांगितलं, आता माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. त्या दिवसापासून त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद. बोलायचे ते वकील.

दावा बरीच वर्षं चालला. दर तारखेला दोघं याच बाकावर, एक या टोकाला, एक त्या टोकाला. भाऊ गावाहून उपाशी यायचा, घरात करणारं कुणी नव्हतं. आक्का दोन भाकरी बांधून आणायच्या आणि एक बाकावर मधे ठेवायच्या. तो तोंड फिरवून ती उचलायचा आणि खायचा. वकील लोक हसायचे, वादी प्रतिवादीला जेवायला घालतीय म्हणून.

"त्या बाकावर मला माहेर व्हतं," आक्का म्हणाल्या. "मला कळलं न्हाई. मी ओझरच्या गणपतीला नवस बोलले, निकाल माज्या बाजूनं लागू दे. त्यानं ऐकलं. ऐकाया नगं व्हतं."

निकाल लागला त्या दिवशी पाऊस उघडला होता. भाऊ उठला आणि मागे न बघता गेला. त्याची छत्री बाकावर राहिली. आक्कांच्या वाट्याचं रान नावावर लागलं, पण तिथं त्या कधी गेल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात आक्कांनी नेहमीसारख्या दोन भाकरी भाजल्या, आणि तवा उतरवताना त्यांच्या लक्षात आलं की आता तारीख नाही.

"मला वाटलं, अपील करंल," त्या म्हणाल्या. "अपील पुण्याला असतंय. पुण्याची येष्टी इतक्या लांबची. एका गाडीत बसलो असतो. न्हाई केलं त्यानं."

मी म्हणाले, आक्का, तुम्हीच का जात नाही त्यांच्याकडे?

"काय म्हनून जाऊ? कोर्टात वादी म्हनून जाता येतं. त्याच्या दारात काय म्हनून जाऊ?" मग फडकं बांधता बांधता म्हणाल्या, "छत्री न्यायाला येईलच की कवातरी."

त्या दिवशीची भाकरी त्यांनी मला दिली. मी घरी येईपर्यंत ती पिशवीत तशीच होती. गाडीत मला भूक लागली होती, पण खाववेना.

त्या वर्षी मेची सुट्टी संपून कोर्ट सुरू झालं आणि आक्का आल्या नाहीत. मला माझ्या तारखेच्या दिवशी पट्टेवाल्याने सांगितलं. सुट्टीत नेहमीसारखा ताप आला, तो उतरलाच नाही. शेवटचे दिवस चाचीने त्यांचं सगळं केलं. माहेरच्या गावाचं नाव आक्कांनी चाचीला सांगितलं नव्हतं, मग कळवायचं कुणाला? खांदा द्यायला चाचीची मुलं, कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट आणि चहावाला होते. पट्टेवाला हे सांगताना त्याचा घसा खरंच बसला होता. छत्री त्यांनी खोलीतून आणून बाकावर तिच्या जागी ठेवली होती. "आक्का वरून शिव्या देतील, न्हाई ठेवली तर," तो म्हणाला.

मी बाकावर बसले, पण आक्कांच्या टोकाला नाही, मधेच. आता मला वाट विचारायची गरज नव्हती, सगळी दारं पाठ झाली होती. तरी पहिल्या दिवशी खांबापाशी उभी होते, तशीच पुन्हा झाले. कोर्टात इतकी माणसं, पण मी आले की नाही हे बघणारं कुणी उरलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता, एका तारखेला, एक म्हातारे गृहस्थ व्हरांड्यात आले. धोतर, टोपी, पायांना चिखल. पट्टेवाल्याने विचारलं, बाबा काय काम, कोणत्या कोर्टात? ते म्हणाले, "काम न्हाई. बसतो जरा." आणि सरळ बाकाच्या त्या टोकाला गेले, छत्री उचलून मांडीवर घेतली आणि बसले. पट्टेवाला पुढे झाला, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मागे सरला.

परक्या माणसाशी मी आधी कधी आपणहून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. विचारलं, तुम्ही आक्कांचे भाऊ ना?

त्यांनी मान हलवली. म्हणाले, बाजारात कुणीतरी बोललं, कोर्टात बसणारी म्हातारी गेली म्हणून. तिचं घर कुठं ते ठाऊक नव्हतं. हीच जागा ठाऊक होती.

मग ते छत्रीची मूठ अंगठ्याने चोळत राहिले. शेवटी म्हणाले, "माज्याबद्दल कदी काय बोलली का?"

मला वाटलं, नको सांगायला. पण खोटं बोलायला जमेना.

"तुम्ही अपील कराल म्हणून वाट बघत होत्या," मी म्हणाले. "पुण्याला एका गाडीत जाता आलं असतं म्हणायच्या."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"वकील लई मागं लागला व्हता माजा," ते म्हणाले. "कर म्हनला अपील. मीच म्हनलं, नगं. ह्या कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून तिचं गुडगं गेलं व्हतं. म्हातारपनी पुण्याला कुटं तिला हेलपाटं घालाया लावू? म्हनलं, घेऊ दे तिला तिचं. सुकानं ऱ्हाऊ दे."

आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. आतून कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

माझ्याकडे पिशवीत भाकरी होती. ती मी फडक्यासकट बाकावर मधे ठेवली. त्यांनी उचलली. तोंड फिरवलं नाही. सावकाश खाल्ली, तुकडे वेचून खाल्ले, आणि उठले. मला वाटलं, छत्री घेऊन जातील. त्यांनी ती घेतली, चार पावलं चालून आक्का बसायच्या त्या टोकाला आले, आणि तिथे आडवी ठेवली. मग पायऱ्या उतरून गेले.

त्या दिवशी गाडीतून येताना मी काहीच ठरवलं नव्हतं. घरी आले तेव्हा दादा अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. मला बघून म्हणाला, सोमवारी रजिस्टर ऑफिसात जायचंय, वकिलानं कागद तयार ठेवलाय. मी पिशवी खाली ठेवली. आणि आक्का रस्त्यापलीकडे कानाला हात लावून उभ्या असाव्यात, तशी बोलले.

"दादा, मी सही करायची न्हाई. आनि कोर्टात बी जायची न्हाई. तुज्या शेजारी माजं नाव ऱ्हाऊ दे. राग आला तर मला बोल. वकिलाला सांगू नगं, मला बोल."

आवाज इतका मोठा झाला की वहिनी गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली. मुलगी माझ्या मागे लपली. दादाने वर बघितलं नाही. पंपाचा वायसर हातात घेऊन तो फुंकर मारत राहिला, बराच वेळ. मग पंप तसाच उघडा टाकून मळ्याकडे निघून गेला. रात्री तो जेवायला घरात आला नाही, ओट्यावरच पडला.

सकाळी मी नेहमीसारख्या भाकरी केल्या. त्याच्या दोन फडक्यात बांधल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या, हाक मारली नाही. तो खांद्यावर खोरं घेऊन बाहेर पडला. फडक्याला ओलांडून गेला. बांधापर्यंत गेलेला मला चुलीपाशी बसून दिसत होता. तिथे थांबला. मग परत आला, माझ्याकडे न बघता वाकला आणि फडकं उचललं.

ते घेऊन मळ्याकडे गेला. मी तवा उतरवला नाही. अजून पीठ होतं, संध्याकाळच्याही करून ठेवल्या.